वाचकांचे प्रश्न : घरच्या टाकीत वाहतं पाणी

मागच्या अंकात ओढ्यातल्या माशांवर लिहिलं होतं, त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत फिरून फिरून एकच गोष्ट विचारलीय, की घरी काचेच्या टाकीत पाणी वाहतं कसं ठेवायचं. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, माझ्याकडे १२० सेंमी लांब, ४० रुंद आणि ४० उंच अशी रिकामी टाकी आहे. नदीतल्या माशांसाठी एका कोपऱ्यात जोरदार पंप लावून बघितला, पण पाणी नुसतं गोल फिरतं आणि पलीकडच्या कोपऱ्यात घाण बसते. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहणारं पाणी कसं करायचं?

टाकी अगदी हवी तशी आहे तुमची, लांब आणि बुटकी. गोल फिरण्याचं कारण सोपंय, तुमचा पंप जिथे पाणी सोडतो तिथूनच परत ओढतो. ओढायची जागा एका टोकाला आणि सोडायची जागा दुसऱ्या टोकाला नेली की पाण्याला दिशा मिळते. त्यासाठी टाकीबाहेर काही पाईप काढायला लागत नाहीत, काचेला भोकही पाडायचं नाही, सगळं ग्रॅव्हलखाली, म्हणजे तळाच्या बारीक खड्यांखाली, लपतं.

२५ मिमीचे पीव्हीसी पाईप घ्या, पिण्याच्या पाण्यासाठी वापरतात ते. दोन लांब तुकडे टाकीच्या तळावर लांबीच्या दिशेने, एक पुढच्या काचेजवळ आणि एक मागच्या काचेजवळ असे ठेवायचे. दोन्हींच्या मधोमध टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून एक आडवा तुकडा जोडायचा. आता प्रत्येक लांब पाईपच्या दोन्ही टोकांना एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, लावून वर उभे तुकडे काढा, म्हणजे चार कोपऱ्यांत चार उभे पाईप झाले. उजवीकडच्या दोघांवर जाड भोकांचे स्पंज चढवायचे, इथून पाणी आत शिरणार. डावीकडच्या दोघांवर पंप बसवायचे, पंपाचं ओढायचं तोंड पाईपमध्ये घट्ट आणि सोडायचं तोंड उजवीकडे, लांबीच्या दिशेने. म्हणजे वरून पाणी डावीकडून उजवीकडे वाहतं, उजवीकडे स्पंजमधून गाळून पाईपमध्ये जातं आणि ग्रॅव्हलखालून गुपचूप डावीकडे परत येतं.

मधला आडवा तुकडा बरेच जण वगळतात, मी वगळू नका म्हणेन. एक स्पंज घाणीने भरला की त्या बाजूचा पंप उपाशी राहतो, आडवा पाईप असेल तर तो दुसऱ्या स्पंजकडून पाणी घेतो आणि तुम्हाला साफ करायला वेळ मिळतो. जोड सोल्युशनने चिकटवायची गरज नाही, नुसते दाबून बसवा, सगळं पाण्याखालीच आहे, थोडं झिरपलं तरी काही बिघडत नाही आणि पुढे कधी सगळं उकलून साफ करायचं असेल तर हेच जोड कामाला येतात. पाईप कापल्यावर आतली खरखरीत कड कानशीने घासून घ्या, कापताना पडलेला प्लास्टिकचा चुरा नीट धुवा, नाहीतर तो पंपाच्या पंख्यात जाऊन बसतो. स्पंजचं तोंड तळापासून चार बोटं तरी वर हवं, खाली असलं तर वाळू ओढतो.

पंपांची तोंडं एकाच उंचीवर ठेवू नका. एक पृष्ठभागाखाली पाचेक सेंमीवर ठेवा म्हणजे वरचं पाणी हलतं राहतं आणि हवेतला ऑक्सिजन विरघळतो, दुसरा खाली, दगडांच्या उंचीला. मासे टाकायच्या बऱ्याच आधी दोन दिवस नुसतं पाणी फिरवून बघा, कुठे काय साठतं ते तेव्हाच कळतं.

प्रश्न : दुकानात तासाला १००० पासून १०,००० लिटरपर्यंत पाणी फिरवणारे पंप दाखवतात. 'टाकीच्या वीसपट' असा हिशेब ऐकला होता, तो बरोबर आहे का?

सुरुवातीला ठीक आहे, पण त्या आकड्यावर थांबलात तर फसाल. वर सांगितलेल्या टाकीत ३० सेंमी पाणी भरलं तर १४४ लिटर होतं. १५०० लिटरचे दोन पंप लावले, म्हणजे तासाला ३००० लिटर, म्हणजे टाकी तासात वीस वेळा फिरली. ऐकायला भरपूर वाटतं. आता हेच पाणी टाकीच्या ४० बाय ३० च्या पूर्ण छेदातून सारखं वाहतंय असं धरून वेग काढा, सेकंदाला एक सेंमीसुद्धा येत नाही! उथळ ओढ्यात दगडांवरून धावणारं पाणी सहज सेकंदाला ३० सेंमी किंवा जास्त जातं. तेवढा वेग सगळ्या टाकीभर हवा असेल तर तासाला जवळपास १,३०,००० लिटर फिरवावं लागेल, ते घरात कुणी करत नाही आणि करायची गरजही नाही.

कारण नदीतसुद्धा सगळं पाणी जोरात नसतं. पंपाच्या तोंडाशी, म्हणजे दोनेक सेंमीच्या नळीतून १५०० लिटर बाहेर पडताना, वेग सेकंदाला मीटरच्या वर असतो, पुढे ती धार आजूबाजूचं पाणी सोबत ओढत रुंद होत जाते आणि हळू होत जाते. म्हणजे टाकीत जोराच्या पाण्याचा एक पट्टा तयार होतो, आपल्याला हवा तो हाच. त्या पट्ट्यात सपाट मोठे दगड ठेवा, दोन दगड जवळजवळ ठेवून मधे अरुंद वाट सोडलीत तर तिथे पाणी आणखी पळतं, आणि पट्ट्याच्या बाहेर, दगडांच्या मागे, शांत पाणी राहू द्या. मी तर म्हणते पंप किती लिटरचा यापेक्षा दगड कुठे ठेवले यावर टाकी ठरते.

आणखी एक लक्षात ठेवा, खोक्यावरचा आकडा पंपाला पाईप, स्पंज काहीच न लावता मोजलेला असतो. पाईपमधून आणि स्पंजमधून ओढताना तो बराच कमी होतो, स्पंज भरत आला की अजून कमी. म्हणून थोडा मोठा, वेग कमीजास्त करता येणारा पंप घेणं चांगलं.

वेग खरंच किती आहे ते बघायचं असेल तर फ्लेकचा, म्हणजे माशांच्या पापडीसारख्या खाद्याचा, बारीक तुकडा पट्ट्यात सोडा आणि ३० सेंमी जायला किती सेकंद लागले ते मोजा, दोनतीन ठिकाणी, वर आणि खाली.

प्रश्न : अशा टाकीत कुठले मासे ठेवावेत? एंजल आणि गोल्डफिश आधीपासून आहेत, ते चालतील?

नाही, त्यांना त्यांच्या शांत टाकीतच राहू द्या. एंजलचं शरीर उंच आणि चपटं, पंख लांब, फॅन्सी गोल्डफिश तर गोल पोटाचा, दोघंही वाहत्या पाण्यात दिवसभर नुसते झगडत राहतील. फायटर माशाचंही तेच.

वाहत्या पाण्यातल्या माशाला अंगावरून ओळखता येतं. मधल्या पाण्यात पोहणारे लांबट आणि दोन्हीकडे निमुळते असतात: जायंट डॅनियो, झेब्रा डॅनियो, व्हाईट क्लाउड मिनो. हे सगळे कळपाने राहणारे, एकदोन आणू नका, एकाच जातीचे आठदहा आणा. तळाचे मासे खालून सपाट असतात, मळ्या म्हणजे गॅरा, वेगवेगळे लोच, आणि हिलस्ट्रीम लोच. गॅरामधे काही जाती मोठ्या होतात आणि दांडगाई करतात, त्यामुळे छोट्या लोचबरोबर जपून.

हिलस्ट्रीम लोचबद्दल थोडं जास्त लिहिते कारण या टाकीचं सार्थक त्यांच्यामुळेच होतं. सेवेलिया लिनियोलाटा ही व्हिएतनामच्या ओढ्यांतली जात सगळ्यात जास्त मिळते, सहाएक सेंमीची. ती काचेवर चिकटली की बाहेरून पोटाकडून बघा. पुढचे आणि मागचे जोडपंख आडवे पसरून अंगाभोवती एक सपाट चकती झालेली असते, तिच्या कडा काचेला टेकलेल्या आणि मधे पोकळी, त्यावरच तो मासा वाहत्या पाण्यात जागचा हलत नाही. दगडाच्या अगदी लगत पाण्याचा एक पातळ थर हळू असतो, हे मासे इतके चपटे असतात की बरेचसे त्या थरातच मावतात. पुढे सरकताना तो चकतीची एक कड उचलतो, सरकतो, परत टेकवतो. तासन् तास बघत बसावं असं आहे ते.

डेनिसन बार्बबद्दल तिघांनी विचारलंय. मासा देखणा आहे, पाणीही वाहतंच लागतं, पण तो १५ सेंमीपर्यंत वाढतो आणि कळपात राहतो, १२० सेंमीची टाकी म्हणजे त्याला कशीबशी पुरेल. शिवाय हा केरळमधल्या नद्यांतला मासा आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत धोक्यातली जात म्हणून आहे आणि त्यात शोभेच्या माशांसाठी झालेल्या पकडीचा मोठा हात आहे. घ्यायचाच असेल तर टाकीत पैदास केलेलाच घ्या, आणि विकणारा तसं सांगू शकत नसेल तर सोडून द्या.

प्रश्न : ओढ्यातूनच मासे पकडून आणले तर?

मी नको म्हणेन. तुम्ही राहता तिथले मासेमारीचे आणि वन्यजीवांचे नियम आधी बघा हा एक भाग झाला, दुसरं म्हणजे रानातल्या माशांबरोबर परजीवी येतात आणि पकडताना, आणताना बरेच मासे मरतात. आणि टाकीत राहिलेला मासा नंतर नदीत सोडू तर अजिबात नका, तो तिथलाच असला तरी. टाकीतले रोग तो सोबत नेतो.

प्रश्न : नदीतले दगड उकळून घेतले तर चालतात ना? आणि खाली वाळू की ग्रॅव्हल?

उकळू नका! दगडाच्या भेगांत पाणी अडकलेलं असेल तर तो तापून फुटू शकतो, डोळ्यात चिप उडेल. कडक ब्रशने घासा, वरून गरम पाणी ओता, वाळवा, बस. साबण नको. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून बघा, फेस आला तर त्यात चुना आहे, तो पाणी जड करत जातो, म्हणजे त्यातले क्षार वाढवतो. असा एखादा असला तर लगेच काही होत नाही, पण टाकीभर नको.

गोल, पाण्याने घासलेले दगड घ्या, धारदार कडांवर लोचचं पोट सोलवटतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोठे दगड आधी ठेवा आणि ग्रॅव्हल मग ओता. दगड ग्रॅव्हलवर ठेवलात आणि माशांनी खाली उकरलं की तो कलंडतो, काचेवर गेला तर टाकीच गेली. तळाच्या काचेवर प्लास्टिकची जाळी किंवा फोमचा पातळ थर टाकला की दगडाचा भार एका टोकावर येत नाही. ग्रॅव्हल ३ ते ८ मिमीचं, सगळ्या मापांचं मिसळून घ्या, एकसारखं असलं की टाकी खोटी दिसते. वाळू हवीच असेल तर शांत कोपऱ्यात मूठभर टाका, पट्ट्यातली वाळू पाणी स्वतःच उचलून तिकडे नेतं.

वजनाचा विचार टाकी भरायच्या आधी करा. १४४ लिटर पाणी म्हणजे १४४ किलो, वर काच आणि दगड, सगळं मिळून २०० किलोच्या आसपास जातं. पुस्तकांच्या कपाटावर ठेवायची गोष्ट नाही ही.

झाडं लावायची असतील तर जावा फर्न आणि अनुबियस, दोन्ही दगडाला दोऱ्याने बांधायची, खोड ग्रॅव्हलमधे पुरायचं नाही, कुजतं.

प्रश्न : उन्हाळ्यात पाणी ३० अंशांच्या वर जातं. मासे वर येऊन धापा टाकतात. पंप वाढवू का?

पंप वाढवण्याआधी त्याचा वॉट बघा. पाण्यात बुडालेला पंप जेवढी वीज खातो ती शेवटी जवळजवळ सगळी उष्णता होऊन पाण्यातच राहते. २० वॉटचे दोन पंप म्हणजे ४० वॉटचा छोटा हीटर दिवसरात्र चालू ठेवल्यासारखं आहे. अजून एक पंप म्हणजे अजून उष्णता. कमी वॉटचे डीसी पंप म्हणूनच या टाकीला बरे.

धापा टाकण्याचं कारण ऑक्सिजन. २० अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांवर साडेसातच्या आसपास, आणि गरम पाण्यात माशाची गरज मात्र वाढलेली असते. वाहत्या पाण्यातल्या माशाला भरपूर ऑक्सिजनची सवय, त्यामुळे त्याला ते आधी बाधतं. वरच्या पंपाचं तोंड थोडं वर तिरकं करा म्हणजे पृष्ठभाग जास्त हलेल. झाकणाच्या जागी जाळी बसवा आणि पाण्यावर तिरका वारा येईल असा छोटा पंखा लावा, बाष्पीभवनाने दोनतीन अंश उतरतात, हवा दमट असेल तर कमी. पाणी रोज घटेल ते भरत राहा, पण नुसतं भरून भागत नाही, उडून जातं ते पाणी, क्षार मागेच राहतात, म्हणून आठवड्याचं पाणी बदलणं चालूच ठेवा. बर्फ टाकू नका, तापमान एकदम पडतं.

एवढं करूनही पाणी सतत २८ च्या वर राहत असेल तर हिलस्ट्रीम लोच आणि व्हाईट क्लाउड तुमच्यासाठी नाहीत हे मनापासून सांगते. त्यांना २० ते २४ मधे बरं वाटतं. जायंट डॅनियो ठेवा, तो थोडं गरम सहन करतो.

प्रश्न : लाईट गेली तर किती वेळ चालतं?

मासे किती आणि पाणी किती गरम यावर आहे, त्यामुळे तासांचा आकडा देणार नाही. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घेऊन ठेवाच, या टाकीत ती चैन नाही. आणि लाईट बरेच तास गेली असेल तर पंप परत चालू करायच्या आधी स्पंज काढून टाकीच्याच पाण्यात पिळून घ्या, बंद पडलेल्या स्पंजमधले जीवाणू ऑक्सिजनशिवाय मरायला लागतात आणि ती घाण पहिल्या झटक्याला टाकीत येते.

विजेचं अजून एक. पंपाच्या वायरीला प्लगच्या आधी खाली झोळ ठेवा म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी प्लगमधे न जाता झोळावरून खाली टपकेल. त्या सर्किटवर आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, असल्याची खात्री करा, आणि हात आत घालायच्या आधी पंपाचा प्लग काढा, प्रत्येक वेळी.

प्रश्न : माझी टाकी ५० लिटरची आहे. त्यात नदी होईल का?

तेवढ्यात जोराचा पट्टा केला तर शांत जागाच उरत नाही. हलका पंप आणि एक स्पंज लावून आठेक व्हाईट क्लाउड ठेवा, छान राहतील, लोच नको.

प्रश्न : पाईपचं सगळं जमलं, दगड लावले, दुसऱ्या दिवशी चार हिलस्ट्रीम लोच सोडले. दुकानदार म्हणाला शेवाळं खातात, वेगळं काही द्यायला नको. आता महिन्याने दोघांची पोटं आत गेलीत आणि ते दिवसभर मागच्या काचेवर बसून असतात. पाणी स्वच्छ दिसतं. काय चुकलं?

तुम्ही लिहिलंय त्यातच दोन कारणं दिसतायत. पहिलं, दुसऱ्याच दिवशी मासे सोडले. नवीन टाकीत माशांच्या मलमूत्रातला अमोनिया तसाच राहतो, त्याचं नायट्राईट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू स्पंजवर आणि दगडांवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. पाणी काचेसारखं दिसलं तरी त्यात अमोनिया असू शकतो. टेस्ट किट आणा आणि आजच तपासा, अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्य हवेत. नसतील तर रोज पाव ते एकतृतीयांश पाणी बदला, क्लोरीन काढून, आणि कुणाच्या जुन्या, रोग नसलेल्या टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर तो ओलाच आणून तुमच्या स्पंजशेजारी ठेवा, काम फार लवकर होतं.

दुसरं, हे मासे लांब हिरवं शेवाळं फारसं खात नाहीत. ते दगडावरचा बुळबुळीत थर खरवडतात, त्यात बारीक शेवाळं असतं, जीवाणू असतात, छोटे किडे आणि त्यांच्या अळ्या असतात. नव्या धुतलेल्या दगडावर यातलं काहीच नाही. म्हणून ते काचेवर बसलेत, तिथे जे थोडंफार साठलंय ते शोधत.

आत्ता लगेच काय द्यायचं तर बुडणाऱ्या शेवाळाच्या वड्या, गोठवलेले डाफ्निया किंवा ब्राइन श्रिंप (पाण्यातले बारीक जीव, खाद्य म्हणून मिळतात) थोडे थोडे, आणि उकडून मऊ केलेल्या काकडीची किंवा दोडक्याची चकती दगडाखाली दाबून. पट्ट्यात टाकलंत तर सगळं वाहून स्पंजला चिकटेल, म्हणून खायला घालताना पंप दहा मिनिटं हळू करा आणि अन्न दगडाच्या मागच्या शांत बाजूला ठेवा. लाईट बंद केल्यावर द्या, डॅनियो असतील तर ते तोवर झोपलेले असतात आणि लोचच्या वाट्याला काही राहतं. उरलेलं सकाळी काढून टाका.

कायमचा उपाय म्हणजे दगड पाळीपाळीने पिकवायचे. एक पसरट प्लास्टिकचा टब उन्हात ठेवा, टाकी साफ करताना काढलेलं पाणी त्यात टाका, त्यातच सातआठ सपाट गोल दगड. दोनतीन आठवड्यांत त्यांच्यावर तपकिरी-हिरवा थर धरतो, बोटाने घासला की बुळबुळीत लागतो. त्यातले दोन दगड टाकीत पट्ट्याच्या जागी ठेवा आणि चाटून साफ झालेले दोन परत टबात. दगड आत ठेवताना हलवून धुवा म्हणजे डासांच्या अळ्या आणि गाळ निघून जाईल, टबावर बारीक जाळीही टाका. पिकलेला दगड आत गेला की लोच थोड्या वेळात त्यावर येतात, आणि दुसऱ्या दिवशी दगडावर त्यांनी खरवडलेले पट्टे स्पष्ट दिसतात. पट्टे दिसले नाहीत तर मासा खात नाहीये असं समजा आणि पाणी परत तपासा. पोट सपाट व्हायला वेळ लागेल, पण वरून बघताना डोक्यामागचा भाग खोल गेलेला दिसत नसेल तर मासा सावरतो.